नियम कुणाचा होता? अमेरिकेतल्या नागरी हक्क लढ्याच्या जागा बघताना

अमेरिकेच्या दक्षिणेत नागरी हक्क चळवळीच्या जागा बघायला गेलेल्या माणसाची थोडी पंचाईत होते. डोळ्यांत भरावं असं तिथे फारसं काही नसतं. एक बसथांबा, एक चालू शाळा, दुकानातलं खाण्याचं काउंटर, नदीवरचा लोखंडी पूल, रस्त्याकडेचं साधं मोटेल. फलक वाचला नाही तर आपण कशासमोर उभे आहोत हेही कळत नाही. मग फोटो काढायचा, 'केवढा अन्याय झाला हो' म्हणायचं आणि गाडीत बसायचं, एवढ्यावर सहल उरकते.

त्यावर मला उपयोगी वाटणारा उपाय असा की प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा. इथे लोकांनी नेमका कोणता नियम मोडला, आणि तो कुणी केला होता? शहराने, राज्याने, वॉशिंग्टनने, की कुणीच नाही, नुसताच रिवाज होता? उत्तर दर ठिकाणी वेगळं मिळतं, आणि चळवळीने एके ठिकाणी कोर्टाचा, दुसरीकडे तुरुंगाचा, तिसरीकडे रस्त्याचा मार्ग का धरला तेही त्यातूनच उलगडतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेतली गुलामगिरी १८६५मध्ये संपली. १८६८च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने कायद्याचं समान संरक्षण दिलं, १८७०च्या पंधराव्या दुरुस्तीने वर्णावरून मत नाकारायला बंदी केली. म्हणजे कागदोपत्री सगळं झालेलंच होतं. पण शाळा, पोलीस, मतदारनोंदणी, शहरातली वाहतूक असा रोजच्या जगण्याचा जवळजवळ सगळा कारभार अमेरिकेत राज्यांच्या आणि शहरांच्या हातात असतो. दक्षिणेतल्या राज्यांनी त्याचाच फायदा घेतला. शाळा वेगळ्या, रेल्वेचे डबे वेगळे, पाण्याचे नळ वेगळे, दफनभूमीसुद्धा वेगळी. १८९६मध्ये प्लेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळं पण समान' हे घटनेत बसतं असा निर्वाळा दिला. वेगळं काटेकोरपणे पाळलं गेलं, समानकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. शाळांपुरता हा निकाल १७ मे १९५४ रोजी ब्राउन खटल्यात उलटला. म्हणून १९५४ नंतरच्या जवळपास प्रत्येक जागेवर एकच ओढाताण दिसते: स्थानिक नियम एकीकडे, देशाची घटना दुसरीकडे, आणि मधे सामान्य माणसं.

सुरुवात अलाबामाची राजधानी मॉन्टगोमेरीपासून करावी, कारण इथली गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि बहुतेकांना ती चुकीची माहीत असते. दमलेली शिवणकाम करणारी बाई बसमध्ये उठली नाही, लोक चिडले, कायदा बदलला, अशी ती सांगितली जाते. रोझा पार्क्स यांना जिथे अटक झाली तिथे आज ट्रॉय विद्यापीठाचं रोझा पार्क्स संग्रहालय आहे. तिथे जाण्याआधी त्या बसमधली बसण्याची व्यवस्था समजून घ्या, कारण खरी मेख तिथेच आहे.

बसमधल्या पुढच्या दहा जागा गोऱ्यांच्या. बस काळ्या प्रवाशांनी खच्चून भरली असली तरी त्या रिकाम्याच राहायच्या. मागच्या जागा काळ्यांच्या. मधल्या जागा ड्रायव्हरच्या मर्जीच्या: गोरे प्रवासी वाढले की तो सीमा मागे सरकवायचा. शहराच्या नियमाने ड्रायव्हरला यासाठी पोलिसाचे अधिकार दिले होते. काळ्या प्रवाशाने पुढच्या दाराने चढून पैसे द्यायचे, पुन्हा खाली उतरायचं आणि मागच्या दाराने चढायचं, हाही शिरस्ता होता. तेवढ्यात बस निघून गेली तर पैसे गेले. १ डिसेंबर १९५५च्या संध्याकाळी पार्क्स मधल्या भागात बसल्या होत्या. एक गोरा माणूस उभा राहिला, तर ड्रायव्हरने त्या रांगेतल्या चौघांनाही उठायला सांगितलं, कारण गोरा आणि काळा एका रांगेत बसणं चालत नव्हतं. तिघं उठले. पार्क्स उठल्या नाहीत. दंड दहा डॉलर, वर कोर्टखर्च चार डॉलर.

पार्क्स या नॅशनल असोसिएशन फॉर द अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या चिटणीस होत्या. त्याच वर्षी मार्चमध्ये क्लॉडेट कोल्विन या पंधरा वर्षांच्या मुलीलाही याच कारणासाठी अटक झाली होती. आणि त्याच्याही आधी, मे १९५४मध्ये, जो अ‍ॅन रॉबिन्सन या कॉलेजातल्या प्राध्यापिकेने महापौरांना पत्र लिहून बहिष्काराचा इशारा दिला होता. पार्क्स यांच्या अटकेच्या रात्री रॉबिन्सनबाईंनी कॉलेजच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर हजारो पत्रकं काढली आणि दुसऱ्या दिवशी ती शहरभर वाटली गेली. मार्टिन ल्यूथर किंग तेव्हा २६ वर्षांचे, गावात नवखे पाद्री होते. ५ डिसेंबरला बहिष्काराची समिती स्थापन झाली आणि अध्यक्षपद त्यांच्या गळ्यात पडलं.

बहिष्कार ३८१ दिवस चालला. बसच्या प्रवाशांत मोठा भरणा काळ्यांचाच होता, त्यामुळे कंपनीचं कंबरडं मोडलं. पण एवढे दिवस लोक कामावर कसे गेले, ही मला या सगळ्यातली सर्वांत रंजक बाजू वाटते. खासगी गाड्यांचं जाळं उभं राहिलं, ठरलेल्या जागी गाड्या थांबायच्या, चर्चेसनी स्वतःच्या नावावर मोठ्या गाड्या घेतल्या. पेट्रोलला पैसा लागायचा. जॉर्जिया गिलमोर नावाच्या स्वयंपाकीणबाईंनी बायकांना जमवून केक, 'पाय' नावाचा गोड पदार्थ आणि जेवण विकायला सुरुवात केली. त्यांच्या गटाचं नाव 'कुठलाच नाही क्लब' अशा अर्थाचं होतं, म्हणजे पैसे कुठून आले असं विचारलं तर खरं उत्तर तयार: 'कुठून नाही'.

आता आपला प्रश्न: नियम कुणाचा? बसचा नियम शहराचा आणि राज्याचा. त्यामुळे पार्क्स यांचं स्वतःचं अपील राज्याच्या कोर्टांत अडकून पडलं. वकिलांनी म्हणून कोल्विनसह चार महिलांच्या वतीने वेगळा दावा थेट संघीय, म्हणजे देशाच्या न्यायालयात लावला: ब्राउडर विरुद्ध गेल. बस खुल्या झाल्या त्या या दाव्यामुळे. दरम्यान राज्याने बहिष्कारविरोधी जुना कायदा उकरून काढून ऐंशीहून अधिक लोकांवर खटले भरले आणि किंग यांना ५०० डॉलर दंड झाला. १३ नोव्हेंबर १९५६ रोजी किंग स्थानिक कोर्टात बसले होते, गाड्यांचं जाळं बंद करण्याच्या शहराच्या अर्जावर सुनावणी चालू होती, आणि तेवढ्यात बातमी आली की सर्वोच्च न्यायालयाने ब्राउडर दाव्यातला महिलांच्या बाजूचा निकाल कायम केला. स्थानिक कोर्टाने गाड्यांवर बंदी घातलीच, पण आता तिला अर्थ उरला नव्हता.

मूळ बस मात्र मॉन्टगोमेरीत नाही. ती दूर मिशिगनमध्ये, डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे, आणि तिच्यात चढून बसता येतं.

मॉन्टगोमेरीत पायी फिरता येतं, आणि तसंच फिरावं. कोर्ट स्क्वेअर या चौकात पार्क्स बसमध्ये चढल्या. गुलामांचे लिलाव याच चौकात होत. तिथून डेक्स्टर अव्हेन्यूने चढ चढत गेलं की किंग यांचं लाल विटांचं चर्च लागतं, आणि त्याच्या पलीकडे लगेच राज्याचं कॅपिटॉल, म्हणजे विधानभवन. १८६१मध्ये गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या राज्यांचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याने जिथे शपथ घेतली, तिथे कॅपिटॉलच्या पायऱ्यांवर एक धातूचा तारा बसवलेला आहे. चर्चपासून तिथवर चालत मिनिटभर लागत असेल. किंग यांच्या घरावर ३० जानेवारी १९५६ला बॉम्ब टाकला गेला; पत्नी कोरेटा आणि तान्ही मुलगी घरातच होत्या, दोघी वाचल्या. ते घरही आता बघता येतं.

ग्रेहाउंड या बस कंपनीचं जुनं स्थानक लहान आहे, म्हणून अनेकजण ते टाळतात. टाळू नये. १९६१मध्ये काळे-गोरे तरुण एकत्र बसने दक्षिणेत निघाले, त्यांना २० मे रोजी इथे जमावाने मारलं. इथे नियमाची गंमत उलटी होते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणारी वाहतूक संघराज्याच्या अखत्यारीत येते, आणि अशा स्थानकांवर भेदभाव चालणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने १९६०मध्येच सांगितलं होतं. म्हणजे हे तरुण कायदा मोडत नव्हते, पाळत होते. मोडत होतं ते शहर. काळ्यांसाठी असलेलं वेगळं दार विटांनी बुजवलेलं आहे, त्याची चौकट बाहेरून ओळखता येते.

शहराच्या एका टेकाडावर २०१८ साली उघडलेलं शांतता आणि न्यायाचं राष्ट्रीय स्मारक आहे. वकील ब्रायन स्टीव्हन्सन यांच्या इक्वल जस्टिस इनिशिएटिव्ह या संस्थेने ते बांधलं. १८७७ ते १९५० या काळात जमावाने ठार केलेल्या ४,४०० हून अधिक काळ्या माणसांची नोंद तिथे आहे. गंजल्यासारख्या रंगाचे ८०० हून अधिक पोलादी स्तंभ, एकेका काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, एकेक. आत शिरता तेव्हा ते समोर, माणसाच्या उंचीवर असतात. मग जमीन उतरत जाते, स्तंभ तिथेच राहतात, आणि थोड्या वेळाने ते डोक्यावर लटकलेले दिसतात. या खुनांना कोणत्याही कायद्याचा आधार नव्हता. कायद्याने फक्त तोंड फिरवलं होतं. आधी बस आणि चर्च बघून मग इथे यावं असं माझं मत आहे. उलट क्रमाने गेलात तर त्या दिवशी दुसरं काही बघायचं मन उरत नाही.

सेल्मा मॉन्टगोमेरीपासून साधारण ८० किलोमीटरवर. एडमंड पेटस पूल तिथे आहे. नाव दक्षिणेच्या सेनेतल्या सेनापतीचं, आणि ते अजून बदललेलं नाही. पूल मधे उंच आहे, त्यामुळे शहराकडून चढताना पलीकडचं टोक दिसत नाही. ७ मार्च १९६५ रोजी चळवळीतले कार्यकर्ते जॉन लुईस आणि होझिया विल्यम्स यांच्या मागून मॉन्टगोमेरीकडे मोर्चाने निघालेल्या सुमारे ६०० लोकांना पलीकडे उभे असलेले राज्य पोलीस दिसले ते माथ्यावर पोचल्यावरच. अश्रुधूर, दंडुके, घोडेस्वार. त्या रात्री एका वाहिनीने नाझींवरच्या खटल्याचा चित्रपट मधेच थांबवून ही दृश्यं दाखवली. घराघरातल्या लोकांनी एकापाठोपाठ एक दोन्ही पाहिलं.

पण मोर्चा कशासाठी होता? मतदारनोंदणीसाठी, आणि इथला नियम सर्वांत धूर्त होता. काळ्यांनी मत देऊ नये असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. तसं लिहिलं असतं तर पंधराव्या दुरुस्तीपुढे ते टिकलं नसतं. त्याऐवजी नोंदणीचं कार्यालय महिन्यातून दोन सोमवार उघडायचं. लांबलचक अर्ज, घटनेतल्या कलमांवर प्रश्न, आणि उत्तर बरोबर की चूक ते नोंदणी अधिकारी ठरवणार. त्यातून वेळ टळून गेली की परत पंधरा दिवसांनी. रांगेत उभं राहिल्याची खबर मालकाला लागली की नोकरी जायची. परिणाम असा की सेल्माच्या डॅलस काउंटीत निम्मी वस्ती काळ्यांची असून त्यांच्यातले दोन टक्क्यांच्या आसपास लोक मतदार होते. शेजारच्या लाउंड्स काउंटीत तर १९६५ उजाडलं तेव्हा एकही काळा मतदार नव्हता.

म्हणूनच इथे एखादा खटला जिंकून भागत नव्हतं. एक चाचणी रद्द झाली की राज्य दुसरी आणणार. संघीय न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांनी नव्या मोर्चाला परवानगी दिली, मात्र महामार्ग जिथे दुपदरी आहे तिथे फक्त ३०० माणसं चालतील या अटीवर. २१ मार्चला निघालेला मोर्चा २५ तारखेला मॉन्टगोमेरीत पोचला तेव्हा सुमारे २५ हजार लोक होते. ६ ऑगस्टला मतदान हक्क कायद्यावर सही झाली. त्या कायद्याची ताकद दोन गोष्टींत होती: वॉशिंग्टनचे अधिकारी स्वतः येऊन नोंदणी करू शकत, आणि असा इतिहास असलेल्या राज्यांना निवडणुकीचा कोणताही नियम बदलण्याआधी परवानगी घ्यावी लागे. यातली दुसरी अट २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने निकामी झाली, आणि तो दावाही अलाबामातल्याच शेल्बी काउंटीचा. हे माहीत असेल तर पुलावरून चालताना हा विषय केवळ जुना वाटत नाही.

सेल्माहून परतताना लाउंड्स काउंटीतलं माहिती केंद्र चुकवू नका. नाव नोंदवलं म्हणून जमीनदारांनी ज्या कुळांना घराबाहेर काढलं, ती कुटुंबं त्या जागी तंबूंत राहिली. कॅमेऱ्यासमोर झालेल्या मारहाणीपेक्षा ही शिक्षा जास्त दिवस चालली. सेल्मा गावही डोळे उघडे ठेवून बघा. १९६०मध्ये २८ हजारांची वस्ती होती, २०२०च्या जनगणनेत ती १८ हजारांच्या आत आली. मुख्य रस्त्यावर बंद दुकानं बरीच. पुलावर फोटो काढून परतणारे पर्यटक गावात एक जेवण तरी घेतील तर बरं.

अलाबामातल्याच बर्मिंगहॅममध्ये दोन गोष्टी समोरासमोर आहेत: केली इंग्रॅम पार्क आणि सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्च. मे १९६३मध्ये शाळेतली काळी मुलं वर्णभेदाच्या निषेधार्थ चर्चमधून तुकड्या-तुकड्यांनी बाहेर पडायची आणि अटक करून घ्यायची. मुलंच का? मोठ्यांना अटक झाली की नोकरी आणि घराचा हप्ता जायचा, मुलांना गमावायला तेवढं नव्हतं. यावर तेव्हाही टीका झाली, आणि ती अगदीच गैरलागू होती असं मला वाटत नाही. पण तुरुंग भरले. पोलीस आणि अग्निशमन दल ज्याच्या हाताखाली होतं तो शहराचा आयुक्त बुल कॉनर याने कुत्रे आणि आगीच्या बंबाचे पाइप सोडले. पार्कमधल्या पायवाटेवर दोन्ही बाजूंच्या भिंतींतून धातूचे कुत्रे झेप घेताना कोरले आहेत. मधून जाताना माणूस नकळत अंग चोरतो. १५ सप्टेंबर १९६३च्या रविवारी चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार मुली गेल्या: तिघी १४ वर्षांच्या, एक ११ वर्षांची. पहिल्या आरोपीला शिक्षा झाली १९७७मध्ये, शेवटच्याला २००२मध्ये. चर्चमधली एक रंगीत काचेची खिडकी वेल्समधल्या लोकांनी वर्गणी काढून दिली. एका माणसाकडून अर्ध्या क्राउनपेक्षा (तेव्हाचं एक ब्रिटिश नाणं) जास्त घ्यायचं नाही असं ठरलं होतं, म्हणजे कुणी एक धनिक सगळं श्रेय नेणार नाही.

ग्रीन्सबरो आणि लिटल रॉक या दोन जागा नियमांच्या दोन टोकांच्या आहेत. नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोत १ फेब्रुवारी १९६०ला चार काळ्या विद्यार्थ्यांनी वूलवर्थ दुकानात टूथपेस्टसारख्या वस्तू घेतल्या, पावती घेतली आणि खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले. त्या काउंटरवर पैसे चालतात, या काउंटरवर का नाही, एवढाच त्यांचा सवाल. इथे दुकानदार कायद्याकडे बोट दाखवत नव्हता, रिवाजाकडे दाखवत होता. चौदावी दुरुस्ती सरकारला बांधते, दुकानदाराला नाही. म्हणून त्यासाठी १९६४चा नागरी हक्क कायदा यावा लागला. आर्कान्सातल्या लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये १९५७मध्ये नऊ काळ्या मुलांना अडवायला राज्यपालांनी नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याची राखीव फौज, उभं केलं. अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी लष्कर पाठवलं आणि तेच नॅशनल गार्ड स्वतःच्या हुकमाखाली घेतलं. काल मुलांना अडवणारी फौज आज त्यांच्या रक्षणाला. ती शाळा अजून भरते, त्यामुळे आत जायला आधी नोंदणी लागते.

टेनेसीतल्या मेम्फिसचं लोरेन मोटेल बहुतेकांच्या यादीत पहिलं असतं, मी ते शेवटी ठेवेन. ४ एप्रिल १९६८ला किंग यांना ३०६ क्रमांकाच्या खोलीबाहेरच्या सज्जात गोळी लागली. ते तिथे आले होते सफाई कामगारांच्या संपासाठी. १ फेब्रुवारीला पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या ट्रकच्या मागच्या भागात बसलेले दोन कामगार यंत्र अचानक चालू होऊन चिरडले गेले. ११ दिवसांनी संप. गळ्यात पाट्या: 'मी माणूस आहे'. बस, शाळा, मत यांचे कायदे एव्हाना झाले होते. उरला होता तो पगार आणि संघटना, आणि तिथे शहर म्हणत होतं की हा संपच बेकायदा. १९९१पासून मोटेलचं संग्रहालय झालं. तिथे राहणाऱ्या एका बाईंना १९८८मध्ये बाहेर काढलं गेलं, आणि त्या वर्षानुवर्षं समोरच्या रस्त्यावर निषेध करत बसल्या: एवढा पैसा गरिबांच्या घरांवर खर्च व्हायला हवा होता. संग्रहालय पाहायला जाणाऱ्याने तो मुद्दाही मनात ठेवावा.

मराठी माणसाला या वाटेवर ओळखीच्या खुणा भेटतात. अटलांटात किंग यांच्या राष्ट्रीय उद्यानात गांधीजींचा पुतळा आहे. किंग १९५९मध्ये भारतात आले तेव्हा मुंबईच्या मणिभवनात मुक्कामाला राहिले होते. पण आपला धागा गांधींपुरता नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून, तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या, आणि डु बॉइस यांचं उत्तरही आलं होतं. १९७२मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने नावच तिकडून घेतलं.

निघण्यापूर्वी थोडं व्यवहाराचं. अटलांटा ते मॉन्टगोमेरी गाडीने साधारण अडीच तास, आणि वाटेत घड्याळ एक तास मागे जातं. मॉन्टगोमेरी ते बर्मिंगहॅम दीड तास. गाडीशिवाय हे जमणं कठीण. तीन दिवस हाताशी असतील तर बर्मिंगहॅम, मॉन्टगोमेरी, सेल्मा एवढंच करा. मेम्फिस पुढच्या खेपेला, कारण ते बर्मिंगहॅमपासूनच चार तासांच्या आसपास आहे. मार्चच्या सुरुवातीला सेल्मात पूल ओलांडण्याचा वार्षिक कार्यक्रम असतो, तेव्हा राहायला जागा मिळत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि दमट हवा दोन्ही हैराण करतात. चर्चेस चालू आहेत, तिथे लग्नं आणि अंत्यविधी होतात, म्हणून आतल्या फेरीची वेळ आधी ठरवा. रविवारी प्रार्थनेला गेलात तर पूर्ण वेळ बसा, मधेच उठून फोटो काढू नका. संग्रहालयांच्या सुट्ट्या कुठे रविवारी, कुठे सोमवारी, कुठे मंगळवारी असतात, तेव्हा विमानाचं तिकीट काढण्याआधी वार जुळवून घ्या.